डोलकाठीची वाट

शिडाच्या जहाजाकडे पाहणाऱ्याची नजर प्रथम जाते ती त्याच्या डोलकाठीकडे. वारा शिडात भरतो खरा. पण त्या वाऱ्याचा जोर पेलून जहाज पुढे न्यायचे काम डोलकाठीचे. ती मोडून पडली, म्हणजे तोफा, दारूगोळा, शूर खलाशी आणि निष्णात सरदार यांच्यासह सारे जहाज लाटांच्या स्वाधीन होते. नाविक युद्धांच्या वर्णनांत म्हणूनच तिचा उल्लेख वारंवार येतो. परंतु ती समुद्रापर्यंत आली कशी, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. शंभर फुटांहून लांब, दहा-बारा टन वजनाचा, एकसंध असा सोट. त्याचे तुकडे करता येत नाहीत, त्याला वाकवता येत नाही. तो अरण्याच्या गाभ्यातून बंदरापर्यंत आणायचा कसा? डोलकाठीचा पहिला प्रवास जमिनीवरचा असतो. आणि एका देशात तर या प्रवासाने रस्ते घडविले, कायदे घडविले, आणि अखेरीस एका राज्यसत्तेचा पायाही खिळखिळा करण्यास हातभार लावला. तो देश म्हणजे उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील न्यू इंग्लंड.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडचे आरमार वाढू लागले होते. परंतु मोठ्या डोलकाठीला लागेल असा वृक्ष इंग्लंडच्या भूमीत उरला नव्हता. ओकचे लाकूड जहाजाच्या सांगाड्याला उत्तम. डोलकाठीला मात्र ते जड पडते. तिथे हलके, लवचीक आणि सरळ वाढलेले सूचिपर्णी झाडच हवे. असे सोट बाल्टिक समुद्राकाठच्या रिगासारख्या बंदरांतून येत असत. पण बाल्टिकमधून बाहेर पडण्याची वाट डेन्मार्कच्या दाराशी असलेल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जाते. पहिले इंग्रज-डच युद्ध १६५२ साली पेटले, तेव्हा डेन्मार्कने डचांचा पक्ष घेऊन हे दार इंग्रज जहाजांना बंद केले. दुसऱ्याच्या हाती असलेल्या किल्लीवर आपले आरमार अवलंबून आहे, ही जाणीव लंडनच्या अधिकाऱ्यांना त्या वेळी तीव्रतेने झाली, आणि त्यांची दृष्टी अटलांटिकपलीकडे वळली. आरमाराच्या कारभारातील एक प्रमुख अधिकारी सॅम्युअल पेपीस याने १६६६ सालच्या डिसेंबरात आपल्या रोजनिशीत एका आनंदवार्तेची नोंद केली आहे. न्यू इंग्लंडहून डोलकाठ्या घेऊन निघालेली चार जहाजे सुखरूप येऊन पोचली होती. हे लाकूड न येते, तर पुढल्या वर्षी आपली मोठी अडचण झाली असती, असे त्याला वाटले. चार जहाजे लाकडासाठी एका आरमाराच्या अधिकाऱ्याने देवाचे आभार मानावेत, यावरून निकड केवढी होती ते कळते.

हे लाकूड होते पांढऱ्या पाइनचे. मेन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स या प्रदेशांतील अरण्यांत हा वृक्ष दीडशे फुटांहून उंच जाई, आणि ऐंशी ते शंभर फुटांपर्यंत त्याला एकही फांदी नसे. डोलकाठीचे माप ठरविण्याचा त्या काळचा आडाखा सोपा होता: बुंध्याचा व्यास जितके इंच, तितके यार्ड तिची लांबी. म्हणजे इंचाला तीन फूट. चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाच्या मुख्य डोलकाठीला ३६ इंच व्यासाचा, १०८ फूट लांबीचा सोट लागे. पहिल्या प्रतीच्या जहाजाला ४० इंचांचा आणि १२० फुटांचा. बाल्टिककडचे वृक्ष इतके जाड क्वचितच मिळत. न्यू इंग्लंडच्या अरण्यांचे मोल त्यामुळे वाढले.

मोल वाढले, तसा हक्कही सांगितला जाऊ लागला. मॅसॅच्युसेट्सला १६९१ साली जी नवी सनद मिळाली, तिच्यात एक कलम होते. जमिनीपासून बारा इंचांवर ज्याचा व्यास २४ इंच वा अधिक भरेल, आणि जो पूर्वीच कोणाच्या खासगी मालकीत गेलेला नसेल, असा प्रत्येक वृक्ष राजाचा. परवानगीवाचून तो तोडणाऱ्याला १०० पौंड दंड. राजाचे सर्वेक्षक अरण्यात हिंडत आणि निवडलेल्या बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाणाच्या फाळासारखे चिन्ह कोरीत. या चिन्हाला लोक राजाचा बाण म्हणत. ही अरण्ये मुळात अबेनाकी या आदिवासी लोकांच्या वहिवाटीची. बाण कोरणाऱ्या कायद्यांत त्यांच्या हक्काचा विचारच नव्हता.

बाण कोरणे हे घटकाभराचे काम. खरे काम त्यापुढे सुरू होई. या कामाचे बारकाईने केलेले वर्णन जेरेमी बेल्कनॅप या धर्मोपदेशक इतिहासकाराने न्यू हॅम्पशायरच्या आपल्या इतिहासात केले आहे. त्याचा तिसरा खंड १७९२ साली प्रसिद्ध झाला. एवढा उंच वृक्ष नुसता तोडून पाडला, तर स्वतःच्याच वजनाने आपटून मोडायचा. म्हणून तो ज्या दिशेला पडणार, त्या दिशेची लहान झाडे आधी तोडून त्यांची गादी अंथरीत. तशी झाडे तिथे नसली, तर दुसरीकडून ओढून आणीत. फांद्यांच्या या गादीवर वृक्ष अलगद विसावे. हिवाळ्यातील दाट बर्फाचा काळ या कामाला सर्वांत चांगला. खडक बर्फाखाली झाकले जात आणि निसर्गच गादी अंथरून ठेवी. वृक्ष पडला की त्याची तपासणी होई. पडताना तो दुभंगला, किंवा आतून पोकळ निघाला, तर त्याचे ओंडके करून करवतीच्या गिरणीला जात. निर्दोष निघाला, तर त्याला मापात कापून प्रवासाला सज्ज करीत.

पुढचा प्रश्न रस्त्याचा. शेतकऱ्याच्या गाडीला वळणावळणाची वाट चालते. खडक आला, ओढा आला, की वाट त्याला वळसा घालते. शंभर फुटी सोटाला वळणच घेता येत नाही. म्हणून अरण्य तोडून त्याच्यासाठी सरळ वाट काढावी लागे. नदी जवळ असली, तर तो काठापर्यंत ओढून पाण्यात लोटीत. किंवा गोठलेल्या पात्रावर ठेवून देत, म्हणजे वसंतात बर्फ वितळताच नदी त्याला आपोआप खाली नेई. नदी दूर असली, तर सारा भार माणसांवर आणि बैलांवर पडे.

वाहनाचे प्रकार दोन होते. पहिला प्रकार चाकांचा. सोट तरफांनी उचलून दोन जोड चाकांच्या आसांखाली साखळदंडांनी टांगीत. ओझे आसाच्या वर न ठेवता खाली टांगल्यामुळे ते कलंडण्याची भीती कमी होई. दुसरा प्रकार बर्फावरच्या घसरगाडीचा. ही गाडी नेहमीच्या घसरगाडीहून आखूड आणि उंच असे. तिच्या मधोमध आडव्या ठोकळ्यावर सोटाचे एक टोक ठेवीत. ओढायला बैलांच्या वीस-वीस, चाळीस-चाळीस जोड्या. सॅम्युअल सीवल या बॉस्टनच्या प्रतिष्ठित गृहस्थाने १६८७ साली या भागातील एका दलदलीच्या अरण्यात जाऊन हे दृश्य मुद्दाम पाहिले. सोट होता २६ किंवा २८ इंचांचा, म्हणजे मध्यमच. तरी त्याच्या पुढे सुमारे बत्तीस जोड्या आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या दरम्यान बाजूंना चार जोड्या जुंपलेल्या होत्या. एका काठीसाठी बहात्तर बैल! पाहण्यासारखे दृश्य होते, असे त्याने आपल्या रोजनिशीत नमूद करून ठेवले.

सपाटीवर हे काम केवळ जोराचे. चढउतारावर मात्र ते कौशल्याचे होई. लांब उतार आला, की काही जोड्या पुढून सोडून सोटाच्या मागे आणीत आणि त्यांच्या जोखडाची साखळी सोटाच्या शेवटाला बांधीत. मागचे बैल पाय रोवून मागे रेटत, आणि त्यांच्या विरोधाने ओझ्याचा वेग आवरला जाई. चाकांवरून नेताना जाड दोरखंडांनीही ते मागून धरून ठेवावे लागे. सर्वांत अवघड जागा म्हणजे टेकडीचा माथा. पुढचे बैल माथा ओलांडून पलीकडच्या उताराला लागलेले, मागचे टोक अजून अलीकडच्या चढावर. अशा क्षणी लांब सोट माथ्यावर तराजूच्या दांडीसारखा तोलला जाई, आणि गाडीच्या दांडीजवळचे बैल जोखडासह वर उचलले जाऊन हवेत लोंबकळत. पुढच्या जोड्यांनी तत्काळ जोर करून ओझे पलीकडे खेचले, तर त्यांचे पाय पुन्हा जमिनीला लागायचे. नाहीतर गळफास बसून ते मरायचे. हाकणाऱ्याचा सारा अनुभव या काही क्षणांत पणाला लागे. यावर उपाय एकच, असे बेल्कनॅपने म्हटले आहे: रस्ता सपाट करणे. त्यामुळे डोलकाठीसाठी वाट सरळ करावी लागली, तशीच ती सखलही करावी लागली. रानातल्या पायवाटा होत्या, तिथे या गरजेतून रुंद रस्ते झाले.

हे रस्ते आजही ओळखता येतात. न्यू हॅम्पशायरमधील गॉफ्सटाउन येथे आणि डरॅमच्या परिसरात डोलकाठीचा रस्ता याच नावाने चालत आलेले रस्ते आहेत. मेनमधील फ्रीपोर्टजवळच्या खाडीकाठाला डोलकाठीचा धक्का हे नाव आहे. आज पोर्टलंड म्हणतात त्या बंदराला त्या काळी फॅल्मथ हे नाव होते. आरमाराचा लाकूड-मुखत्यार कर्नल टॉमस वेस्टब्रुक याने १७२७ साली आपला व्यवहार तिकडे नेला. पुढे तेच काम पाहणाऱ्या जॉर्ज टेटने स्ट्राउडवॉटर येथे १७५५ साली बांधलेले घर अजून जतन करून ठेवलेले आहे. राजाची डोलकाठी बंदराला गेली. तिच्यासाठी काढलेली वाट मात्र मागे राहिली. त्या वाटेने वसाहतवाल्यांच्या गाड्या, धान्य आणि गुरे जाऊ लागली, आणि तिच्या कडेने वस्ती वाढली.

इथेच या कथेतील पेच आहे. अरण्यात वृक्ष तोडणारे, वाट काढणारे, बैल पुरवणारे आणि हाकणारे हात वसाहतवाल्यांचेच होते. लंडनच्या कायद्याला ते हात आवश्यक होते. पण त्या हातांच्या मालकांना कायदा संशयाने पाहत होता. पार्लमेंटने १७०५ च्या कायद्याने अमेरिकेतून येणाऱ्या डोलकाठ्यांवर टनामागे एक पौंड बक्षिसी ठेवली. ती मिळे माल आयात करणाऱ्या व्यापाऱ्याला. त्यानंतर १७११, १७२२ आणि १७२९ साली एकामागून एक कायदे झाले आणि बंधने आवळली गेली. शेवटच्या कायद्याने तर ७ ऑक्टोबर १६९० पूर्वी खासगी मालकीत गेलेली जमीन वगळता बाकीच्या सर्व पांढऱ्या पाइनवर राजाचा हक्क सांगितला. नवी जमीन घेऊन तिथे घर बांधणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की आपल्या शेतातील झाडावर आपली कुऱ्हाड चालत नाही. शेत साफ करायचे तरी परवाना, फळ्या पाडायच्या तरी परवाना. आणि परवाना देणारा अधिकारी पुष्कळदा स्वतःच लाकडाच्या व्यापाऱ्यांशी नाते राखून असलेला.

याचे परिणाम ठरलेलेच होते. एक्झेटर येथे १७३४ साली सर्वेक्षक डेव्हिड डन्बार याच्या माणसांना लोकांनी चोप देऊन पळवून लावले. त्याहून मोठा प्रसंग १७७२ साली वेअर या गावी घडला. हे गाव गॉफ्सटाउनच्या शेजारचे. न्यू हॅम्पशायरच्या १७२२ च्या कायद्याप्रमाणे तिथे बारा इंचांवरचा पांढरा पाइनही राखीव होता. राजाच्या अधिकाऱ्यांनी गिरण्यांची झडती घेतली, आणि वेअरच्या एका गिरणीत १७ ते ३६ इंच व्यासाचे २७० ओंडके सापडले. गिरणीवाल्यांनी दंड भरण्याचे नाकारले. त्यांचा पुढारी एबेनेझर मजेट याला पकडायला १३ एप्रिल रोजी शेरीफ बेंजामिन व्हायटिंग आपल्या सहाय्यकासह आला. सकाळी जामीन देतो, असे मजेटने सांगितल्यावर शेरीफ तिथल्याच एका खाणावळीत मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे वीसांहून अधिक माणसे तोंडाला काजळी फासून त्याच्या खोलीत शिरली. त्यांनी झाडाच्या छड्यांनी त्याच्या पाठीवर आपला हिशेब चुकता केला. जप्त झालेल्या ओंडक्यांचे माप फटक्यांनी मोजले, असे सांगतात. त्याच्या घोड्यांच्या आयाळी, शेपट्या आणि कानही कापून टाकले. मुक्या जनावरांवरची ही क्रूरता कोणत्याही अन्यायाने समर्थनीय ठरत नाही. पण तिच्यावरून लोकांच्या मनात साठलेल्या रागाची कल्पना येते. पुढे आठ जणांवर खटला झाला. शिक्षा झाली प्रत्येकी २० शिलिंग दंडाची. लोकांची सहानुभूती कोणत्या बाजूला आहे, हे न्यायासनालाही ठाऊक होते. बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या त्या १६ डिसेंबर १७७३ रोजी. म्हणजे वेअरच्या घटनेनंतर वीस महिन्यांनी. इतिहासाने चहा लक्षात ठेवला आणि लाकूड विसरले.

लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड येथे १९ एप्रिल १७७५ रोजी पहिल्या गोळ्या सुटल्या, आणि डोलकाठ्यांची वाट बंद पडली. बंदरात तयार असलेले सोट जहाजांवर चढू द्यायचे नाहीत, असे लोकांनी ठरविले. अरण्ये होती तिथेच होती, रस्ते तयार होते, बैलही होते. पण त्यांना जुंपणारा माणूस आता राजाचे काम करायला तयार नव्हता. इंग्रज आरमाराने १८ ऑक्टोबर १७७५ रोजी फॅल्मथ जाळले; त्यामुळे डोलकाठ्या मिळण्याची उरलीसुरली आशाही मावळली. त्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टनच्या लहानशा जहाजांनी जो ध्वज उभारला, त्यावर पाइनचे झाड होते. ज्या झाडावर राजाचा बाण कोरला जाई, तेच झाड राजाविरुद्धच्या ध्वजावर चढले.

इंग्लंडला पुन्हा बाल्टिककडे वळावे लागले. अनेक लहान सोट जोडून, त्यांवर लोखंडी कडी चढवून डोलकाठ्या तयार कराव्या लागल्या. ॲडमिरल बायरनचे आरमार १७७८ साली अमेरिकेकडे निघाले असता वादळात विखुरले आणि त्याच्या जहाजांची मोठी मोडतोड झाली. रॉबर्ट अल्बियन या अमेरिकन इतिहासकाराने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, या युद्धातील इंग्रज आरमाराच्या दौर्बल्यामागे डोलकाठ्यांचा तुटवडा हे एक महत्त्वाचे कारण होते, असे मत मांडले. एवढे मोठे युद्ध एकाच कारणाने हरले जात नाही, हे खरे. तरीही साम्राज्याचे आरमार कोणाच्या खांद्यावर उभे होते, हे त्या तुटवड्याने उघड केले, यात शंका नाही.

आरमारासाठी प्रजेचे झाड घ्यावे काय, हा प्रश्न केवळ न्यू इंग्लंडचा नव्हता. समुद्र राखू पाहणाऱ्या प्रत्येक सत्तेपुढे तो उभा राहिला; मराठ्यांपुढेही राहिला. लंडनच्या पार्लमेंटने १७११ चा कायदा केला, त्याच सुमारास, म्हणजे १७१५ च्या आसपास, इकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखली जाणारी आज्ञापत्रे सिद्ध झाली. त्यांत आरमाराच्या प्रकरणात तख्ते, सोट आणि डोलाच्या काठ्या यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्यातील अरण्यांत सागवानादि जे वृक्ष असतील, ते हुजूरच्या परवानगीने तोडावेत. याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे अरण्यावर राज्याचा हक्क इथेही होताच. परंतु आंबा, फणस ही लाकडे आरमाराच्या उपयोगाची असूनही त्यांना हात लावू देऊ नये, अशी आज्ञा त्यापुढेच आहे. कारण दिले आहे ते असे की, ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, किंमत देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजबरी सर्वथा करू नये. राज्याची गरज मान्य करूनही रयतेचे दुःख हिशेबात धरणारी ही दृष्टी आहे.

पुढे इंग्रजी सत्ता हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर स्थिरावली, तेव्हा मात्र न्यू इंग्लंडचा धडा ती विसरलेली दिसते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर सागवानाची उत्तम जहाजे बांधीत. तिथे १८१७ साली तयार झालेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. या उद्योगाला लागणारे सागवान मलबार आणि कानडा या भागांतून मिळविण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन याला अरण्यांचा रक्षक नेमले. पुढच्याच वर्षी जाहीरनामा काढून सागवानावर सरकारी हक्क सांगितला. जंगलांचे मालक, लाकडाचे व्यापारी आणि सामान्य लोक यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की मद्रासचा गव्हर्नर सर टॉमस मन्रो याच्या कारकिर्दीत, १८२३ साली, ती व्यवस्था रद्द करावी लागली. फरक इतकाच, की इथे ती वेळीच रद्द झाली.

राज्याला लाकूड लागते, जमीन लागते, वाट लागते; ती गरज खोटी नसते. रिगाचे दार बंद झाल्यावर इंग्लंडने अटलांटिकपलीकडे पाहिले, यात काही गैर नव्हते. चूक झाली ती पुढे. वृक्षावर चिन्ह कोरले म्हणजे तो आपला झाला, अशी त्या अधिकाऱ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात तो वृक्ष बंदराला पोचे तो हाकणाऱ्याने टेकडीच्या माथ्यावर बैल सांभाळले म्हणून, आणि लाकूडतोड्यांनी फांद्यांची गादी नीट अंथरली म्हणून. त्यांच्या राजीखुशीची किंमत लंडनच्या हिशेबाच्या वह्यांत कोठेच मांडलेली नव्हती. ती मांडलेली असती, तर गॉफ्सटाउनच्या रस्त्यावरून डोलकाठ्या आणखी कित्येक हिवाळे बंदराकडे जात राहिल्या असत्या.